दवाखान्याची सावड

माझी धाकटी जाऊ अंजना रोज सकाळी चहाच्या आधी एक गोळी घेते, आणि ती सगळ्यांच्या देखत घेते. ओट्यावर पाहुणे बसलेले असोत नाहीतर डेअरीवाला किटली घेऊन उभा असो, ती शंकरपाळ्यांच्या जुन्या डब्यातून पाकीट काढते, गोळी जिभेवर ठेवते, तांब्या तोंडाला लावते आणि म्हणते, "झालं. माझं मशीन चालू झालं." कोणी विचारलंच की कसली गोळी, तर सरळ सांगते, "डोक्याची. मला घाबरं व्हतं, त्याची."

मला तिचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तिच्याबद्दल जे काही येईल ते वाचताना कोणाची फसगत नको.

पिंपळवंडीत उसाच्या कडेला आमची दोन घरं आहेत आणि दोन्हींना मिळून एकच अंगण. भाऊ वेगळे झाले तेव्हा चुली वेगळ्या झाल्या, अंगण राहिलं. सासूबाई, म्हणजे सरूबाई, एक महिना माझ्याकडे आणि एक महिना अंजनाकडे जेवतात. पण तिच्याकडचा महिना नेहमी थोडा लांबतो, माझ्याकडचा थोडा आधीच संपतो. मी बी. ए. झालेली, गावातल्या पतसंस्थेत काउंटरला बसते. अंजना खोडदची, नववीतून शाळा सुटलेली. बोलायला मोकळी, खोटं बोलायला त्याहून मोकळी. एखादी गोष्ट तिच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकली की तिला शिंगं फुटलेली असतात. तिला एक मुलगा, ऋतिक, चाकणला कंपनीत. मुलगी नाही. मला एकच मुलगी, आरोही, नारायणगावला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.

अंजनाचं घाबरं होणं सुरू झालं ते बिबट्यामुळे. तिच्या गोठ्यातली कालवड बिबट्याने नेली, आणि त्या वेळी ती भिंतीच्या अलीकडे होती. तिने ते सगळं ऐकलं. पुढे वनखात्याने पिंजरा लावला, बिबट्या सापडला, लोक पिंजऱ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेऊन आले. सगळ्यांची भीती बिबट्याबरोबर गाडीत बसून गेली. अंजनाची गेली नाही. जिथे बिबट्या यायचा काही संबंधच नाही अशा ठिकाणी तिची छाती धडधडायला लागली. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, पिठाच्या गिरणीवर. हाताला मुंग्या यायच्या, श्वास पुरायचा नाही, आणि ती म्हणायची, "मी चालले, मला धरा." नारायणगावला छातीची पट्टी, म्हणजे ई.सी.जी., काढली, ती चांगली निघाली. सासूबाईंनी अंगारा लावला. शेवटी त्या छातीच्या डॉक्टरांनीच सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, तुम्ही मंचरला मनाच्या डॉक्टरांना दाखवा.

गोरख भाऊजी, म्हणजे तिचे मालक, म्हणाले, "लोक येडी म्हणतील."

"म्हणू द्या की," अंजना म्हणाली. "आता काय शाणी म्हणत्यात व्हय मला?"

आणि गेली. गोळी सुरू झाली, तिथल्या समुपदेशक बाईंशी बोलणं सुरू झालं. दीड-दोन महिन्यांत फरक दिसायला लागला. मग बाईसाहेबांनी काय करावं? टोमॅटोवरचा रोग हटला की फवारणी थांबवतात, तशी स्वतःच्या मनाने गोळी थांबवली. थोड्याच दिवसांत नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये, क्रेटच्या थप्पीला धरून, ही भर गर्दीत रडत उभी. हा प्रसंग ती स्वतःच नक्कल करून सांगते. आधी व्यापाऱ्याचा चेहरा, मग हमालाचा, मग स्वतःचा. "डॉक्टरबाई म्हनल्या, अहो बाई, ही काय औषधफवारणी हाय का? सांगंन तवाच कमी करायची, ती पण हळूहळू." सगळ्या बायका हसतात. मीही हसते. आणि मनात म्हणते, देवा, हिला एवढं सगळं चव्हाट्यावर मांडता येतं तरी कसं?

कारण मला येत नाही. आरोहीची एसटी चुकली तर मी ओट्यावरून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यावरून ओट्यापर्यंत फेऱ्या मारते. ती फोन उचलत नसेल तर तिच्या मैत्रिणीला लावते, मैत्रिणीने नाही उचलला तर मैत्रिणीच्या आईला. माझ्या पोटात सतत काहीतरी ओढल्यासारखं असतं. पण मी त्याला काळजी म्हणते, आणि काळजी करणाऱ्या आईला कोणी दवाखान्यात पाठवत नाही.

आता सावडीचं सांगते. आमच्याकडे कांद्याची लागण आली की मजूर मिळत नाहीत. मग बायका सावड करतात. आज सगळ्यांनी तुझ्या वावरात, उद्या माझ्या. पैशाचा संबंध नाही. कामाची फेड कामाने. ज्या बाईने सावड फेडली नाही तिच्या रोपाला पुढच्या वर्षी कोणी हात लावत नाही. अंजनाने ही पद्धत दवाखान्याला लावली. मंचरला एकटीला जायला बायका बिचकतात, आणि घरचं काम कोणी बघायचं हाही प्रश्न असतो. तेव्हा तू माझ्याबरोबर ये, बाहेर बाकावर बस. तुझी पाळी आली की मी येईन. गावातल्या दोघी-तिघी अशा गेल्या. घरी सांगायचं, मंचरला ब्लाऊज शिवायला टाकलंय. मंचरच्या त्या न पाहिलेल्या शिंप्याला आमच्या गावात फार मान आहे.

सासूबाईंना मात्र गोळीचंच कौतुक. एकदा म्हणाल्या, "अंजे, मला पन दे की एक. झोप येत न्हाई."

"साखर मागा, डाळ मागा, विरजण मागा. गोळी मागू नका आत्याबाई. ती ज्याची त्याला."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरीही एक दिवस मी जे बोलायला नको होतं ते बोललेच.

डिसेंबरातली गोष्ट. माझं विरजण संपलं होतं म्हणून वाटी घेऊन अंजनाकडे गेले. दार उघडंच होतं. आत फळीसमोर आरोही उभी होती. माझी आरोही. तिच्या हातात तो शंकरपाळ्यांचा डबा होता. तिने पाकिटातून गोळी काढली, तोंडात टाकली आणि अंजनाच्या तांब्यातून पाणी प्यायली. इतकं सवयीने, की डबा फळीवर ठेवताना तिने वर बघितलंसुद्धा नाही.

मी ओरडले. "माझ्या पोरीला तुझ्या गोळ्या चारतेस?"

अंजना चुलीपाशी होती. उठली. "माझ्या नाय. तिच्या हायेत. डॉक्टरनं दिल्यात, तिला तपासून. घ्या, पाकिटावर बघा, नावं पण वेगळी हायेत."

"कधी तपासलं? कोणी नेलं?"

अंजनाच सांगायला लागली. गणपतीनंतर एकदा, प्रॅक्टिकलच्या दिवशी, आरोही नारायणगावच्या स्टँडवर खाली बसली. श्वास घेता येईना. अंजना बाजाराला गेली होती, तिला दिसली. तिने आपला अनुभव असल्याने ओळखलं की हा कसला झटका आहे. तरी आधी छातीची पट्टी काढून घेतली, मग मंचरला नेलं. तेव्हापासून जात होत्या. दोघी. ब्लाऊज शिवायला.

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तिनं नको म्हणलं. ईस वर्षांची हाय ती, अक्का. तिच्या जिवाचं तिनं सांगायचं."

"मी आई आहे तिची. शेजारच्या घरात राहते. मला काही कळलं नसतं का?"

"आमच्या खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीला आभाळातलं लई लांबचं ऐकू येतं म्हणत्यात," अंजना म्हणाली. "तुमाला शेजारच्या खोलीतलं आलं नाय. आता मी काय करू?"

मी विरजण न घेता परतले. त्या रात्री दूध तसंच राहिलं. आरोहीला काय झालंय, ती किती घाबरत असेल, हे सगळं मनात येत होतं, नाही असं नाही. पण त्याच्या वर, दुधावरच्या सायीसारखी, दुसरीच गोष्ट होती. स्टँडवर खाली बसलेल्या आरोहीने हात पुढे केला तो अंजनाकडे. तिच्या गोळीला माझ्या घरात जागा नव्हती, तिकडच्या डब्यात होती. आणि सगळ्यात झोंबलं ते हे, की गावभर गप्पांचे पाट वाहवणाऱ्या अंजनाने ही एकच गोष्ट कोणाला सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अंजनाच्या वावरात लागण होती. मी ठरवलं, हिची सावड फेडून टाकायची. ती माझ्या मुलीबरोबर गेली ना? ठीक आहे. मी तिच्या वाफ्यात बसेन, जितक्या वेळा गेली तितक्या वेळा बसेन, फिटलं म्हणेन, आणि मग माझी मुलगी मी घेऊन जाईन. वावरात जायला मला कित्येक वर्षं झाली होती. जुनी साडी नेसले, यांचा शर्ट वरून घातला आणि कोणी न बोलावता चिखलात जाऊन बसले.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाई बांधावर रोपांच्या जुड्या सोडत होत्या, त्या म्हणाल्या, "आज पतसंस्था इकडं कशी आली गं?"

"सावड फेडायला," मी म्हणाले.

"कसली सावड? तुझं वावर तर वाट्यानं दिलेलं."

अंजना सरकत सरकत माझ्या वाफ्यात आली. हळू आवाजात म्हणाली, "अक्का, लई दाटीनं लावताय. चार बोटं तरी ठेवा मधी."

"माझं मी बघते. आज फेडते, पुढच्या रविवारी फेडते. तुझं काही अंगावर ठेवायचं नाही मला."

"कसलं?"

"ब्लाऊजचं," मी म्हणाले, कारण पलीकडच्या वाफ्यातल्या बायकांचे हात थांबले होते.

अंजनाने माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू यायला लागलं. तोंडावर चिखलाचा हात धरून ती हसली, गालाला चिखल लागला. "ते फिटलंय कवाच. माझ्या पाळीला आरोहीच येती की माझ्यासंगं. ती बसती बाहेर. आमची दोघींची सावड हाय. तुमी मधीच काय फेडायला आलाय?"

"कसलं ब्लाऊज गं एवढं?" बांधावरून सासूबाई.

"अस्तराचं, आत्याबाई!" अंजना ओरडली.

मी जुडीतलं उरलेलं रोप लावून संपवलं. उठून जाता येईना, कारण मग बायकांना कळलं असतं. पाठ दुखत होती, पायाला मुंग्या आल्या होत्या आणि डोळ्यांसमोर चित्र होतं ते मंचरच्या त्या बाकाचं. अंजना आत बोलते आहे आणि माझी मुलगी तिची पर्स मांडीवर धरून बाहेर बसली आहे. माझी पर्स तिने कधी अशी धरली होती?

संध्याकाळी मी आरोहीला म्हणाले, "पुढच्या वेळी मी येणार तुझ्याबरोबर. काकीला सांग."

ती भाजी निवडत होती. "नको, मम्मी."

"का?"

"तू आत येशील. काकी येत नाही आत."

"नाही येणार मी आत."

"मग बाहेर आल्यावर विचारशील. मग रात्री परत विचारशील. मग पप्पांना सांगशील, मग रडशील." तिने मेथीची काडी मोडली. "तुला काही सांगितलं ना, की आधी मला तुलाच सांभाळावं लागतं. त्या दिवशी स्टँडवर मी तुलाच फोन लावणार होते. नंबर काढला होता. मग वाटलं, आता तू किती घाबरशील. आणि मला आणखीच श्वास येईना."

तिने निवडलेली मेथी मी उगाच परत निवडायला घेतली. अंजना अशा वेळी काहीतरी चटकदार बोलली असती.

आरोहीच म्हणाली, "आमची सावड आहे, मम्मी. सावडीला दोघींची पाळी लागते. तुझी पाळी असली तर मी येईन तुझ्याबरोबर. मग तू ये माझ्याबरोबर."

"मला काय झालंय? मी काय घाबरते का स्टँडवर?"

"तू घरात घाबरतेस. मी बाथरूममध्ये जास्त वेळ थांबले तर कडी वाजवतेस."

एखाद्या शहाण्या बाईला हे ऐकून स्वतःबद्दल काहीतरी उमगलं असतं. मला तसं काही झालं नाही. मी मंचरला गेले ती बरी व्हायला नाही. मी अंजनाची जागा घ्यायला गेले. पाळी लागते म्हणतात ना, मग घ्या, मीही पाळी लावते.

त्यासाठी रजा टाकली. यांना खरं सांगितलं, ते म्हणाले, "जाऊन ये बाई, मला पण जरा शांतता मिळेल." नारायणगावला गाडी बदलून मंचरला पोचलो. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं, मी सांगितलं, उज्ज्वला. "सोबत कोण?" आरोही म्हणाली, "मी." आणि माझी पर्स माझ्या हातातून काढून घेऊन बाकावर बसली. मी ते डोळे भरून बघितलं आणि आत गेले.

डॉक्टरबाई माझ्यापेक्षा लहान होत्या. म्हणाल्या, "काय त्रास होतो, तुमच्या शब्दांत सांगा. सुरुवात कुठूनही करा."

मी म्हणाले, "माझी एक जाऊ आहे."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं. जावेवरून आरोहीवर, आरोहीवरून एसटीवर, एसटीवरून माझ्या पोटातल्या ओढीवर, आणि तिथून मी माझ्याही नकळत माझ्या झोपेवर आले. मी रात्री उठून आरोहीचा श्वास चालू आहे का बघते, हे मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. त्यांनी बरेच प्रश्न विचारले, रक्ताची एक तपासणी लिहून दिली, थायरॉइड वगैरे बघू म्हणाल्या. समुपदेशक बाईंशी दर आठवड्याला बोलायचं ठरलं आणि एक गोळी लिहून दिली. लगेच फरक दिसणार नाही, काही आठवडे लागतील. सुरुवातीला मळमळलं तर घाबरू नका, फोन करा. मनाने बंद करायची नाही.

मी विचारलं, "ही अंजनाला देता तीच का?"

"दुसऱ्या पेशंटचं मी सांगत नाही."

"नाही, म्हणजे तिची जास्त पॉवरची आहे का?"

तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं आणि जरा वेळ माझ्याकडे बघितलं. "उज्ज्वलाताई, हे तुम्ही समुपदेशक बाईंना सांगा. नक्की सांगा."

गोळी मी घरी आणली. माझ्या फळीवर ठेवली, पण मसाल्याच्या डब्यांच्या मागे. अंजनासारखी ओट्यावर घ्यायची मला अजून हिंमत नाही. पाण्याबरोबर गिळताना पाठ दाराकडे असते. काही आठवड्यांनी पोटातली ओढ थोडी सैल झाली, आणि हेवा मात्र होता तिथेच राहिला. त्याला गोळी नसावी.

मग गुरुवार आला, आरोहीच्या पाळीचा. सकाळी मी तयार होऊन अंगणात आले तर अंजना समोरून तयार होऊन येत होती. चांगली साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात पाण्याची बाटली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघी अंगणात समोरासमोर उभ्या राहिलो. आरोही मधे, बॅगेची चेन लावत.

"काकी," आरोही म्हणाली, "आज मम्मी येतेय."

अंजना म्हणाली, "हां, हां. बरं झालं की. मी आपली आत्याबाईंसाठी दुकानात चालले व्हते." दुकानात जाताना कोणी गजरा माळत नाही, पण ती खोटं बोलायला मोकळी आहे हे मी सांगितलंच आहे. फक्त या वेळी तिला ते नीट जमलं नाही. तोंड हसत होतं आणि नजर आरोहीच्या बॅगेवर होती, जणू ती बॅग तिनेच भरली असावी आणि आता दुसरं कोणी नेत असावं. मला तो चेहरा आरपार ओळखू आला. त्या चेहऱ्यामागे कसं वाटतं, हे त्या अंगणात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

"बाटली घेऊन जा," तिने पुढे केली. "तिला मधी तहान लागती. आतनं आली की लगेच पाणी द्या, बोलू नका लगेच."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. माहीत नव्हतं. ती घरात गेली आणि आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं. रस्त्यावर पोचेपर्यंत ते बरं वाटणं राहिलं. मग एसटी आली आणि मी बाटली सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले.

मंचरला आरोही आत गेली. दार बंद झालं. मला त्या दाराजवळ जाऊन उभं राहायचं होतं, निदान समोरच्या खुर्चीवर तरी बसायचं होतं. पण ती पर्स माझ्या मांडीवर ठेवून गेली होती आणि पर्स घेऊन मी कुठे जाणार? समुपदेशक बाईंनी शिकवलं होतं तसा श्वास सावकाश सोडत राहिले. शेजारची बाई म्हणाली, "तुमाला पण नंबर लागलाय का?" मी म्हणाले, "नाही, मी सोबत आहे."

आरोही बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मी बाटली पुढे केली. ती प्यायली. मी बोलले नाही. आम्ही चालत स्टँडवर आलो, मी बोलले नाही. गाडी लागली, जागा मिळाली, मी खिडकीबाहेर बघत राहिले. आयुष्यात मी इतकं अवघड काम केलेलं नाही, चिखलात बसूनसुद्धा नाही.

वाटेतलं कळंब मागे पडल्यावर आरोही म्हणाली, "तू काहीच विचारलं नाहीस."

"नाही."

"विचार. एकच."

एकच. मी केवढे तरी प्रश्न जमवून ठेवले होते. तू का रडलीस, ती काय म्हणाली, परीक्षेला बसशील ना, माझ्याबद्दल काही बोललीस का. सगळे ओठावर आले आणि तोंडातून निघाला तो भलताच.

"अंजना बाहेर बसली की काय करते?"

आरोही माझ्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या आजोबांनी मागे वळून बघितलं. "झोपते, मम्मी! तोंड उघडं टाकून. घोरते. काउंटरवरच्या ताई उठवतात तिला."

ती नारायणगाव येईपर्यंत मधेमधे हसत राहिली. मी पर्स तशीच मांडीवर धरून बसले होते. मी पूर्ण वेळ जागी होते. एवढ्या एका बाबतीत तरी मी तिच्या पुढे होते.